आरशावरचं पाखरू

दाढी करून घेताना मान मागे टाकलीत की मोठ्या आरशाच्या वर, पंख्यापासून जरा बाजूला, एक पिंजरा दिसतो ना? त्यातून मी बोलतोय. मान हलवू नका, गळ्यावर वस्तरा आहे. नुसतं ऐका.

मी मूठभर आहे. खरं तर तेवढाही नाही. सलूनवाल्याच्या मुठीत मी मावतो आणि वर त्याची दोन बोटं मोकळी राहतात. पाठ शेवाळी, छाती नारिंगी, डोळ्यांवर पांढरी रेघ. आमच्या जातीला पुस्तकात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. इथे सगळे 'पाखरू' म्हणतात. दाणे टिपणाऱ्यांतला मी नव्हे. कोळी, अळ्या, पतंग, वाळवी, असलं माझं जेवण. माझ्यासमोर तांदूळ टाकणं म्हणजे तुमच्यासमोर दगड वाढण्यासारखं आहे.

माझा जन्म डोंगरावरचा. तिथे ढग सकाळी झाडांत शिरतात आणि दुपारपर्यंत पाहुण्यासारखे हलत नाहीत. ओढ्याच्या काठी एक ओला कडा होता. त्याच्या खोबणीत आईने शेवाळाची वाटी केली होती आणि त्या वाटीत आम्ही तिघं भाऊ. वाटीच्या काठावर आईची चोच दिसली की आम्ही तोंड वासायचो, एवढंच आमचं काम.

आई-वडिलांकडून आम्ही दोन गोष्टी शिकलो. गाणं वडिलांचं. ते रोज एकाच फांदीवर बसून गात आणि आम्हांला वाटे, किती आनंदात आहेत! पुढे कळलं, आमच्यात गाणं म्हणजे कुंपण असतं. 'इथपासून तिथपर्यंत माझं, पाऊल टाकाल तर याद राखा,' एवढाच त्याचा अर्थ. आईची होती ती हाक, चिर्रर्र. ती कानावर पडली की पिल्लांनी वाटीत सपाट व्हायचं, डोळे मिटायचे, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. शिकवावं लागत नाही ते. कानात पडलं की अंग आपोआप दबतं.

पण आमच्यातला एक भाऊ दबायचा नाही. आई जीव तोडून ओरडायची आणि हा मान उंच करून, चोच वासून तसाच बसायचा. आम्हांला वाटायचं, हट्टी आहे. एका सकाळी कड्यावरून हिरवा साप उतरला. आईने हाक दिली. आम्ही दोघं दबलो. तो दबला नाही. सापाची सावली अंगावर पडली तेव्हा, आई खाऊ घेऊन आली असं समजून, त्याने तोंड वासलं. नंतर वाटीत आम्हांला ऐसपैस जागा झाली. त्याला ऐकूच येत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही या घरात येऊन.

पंख फुटले, मी माझी फांदी धरली, माझं कुंपण गाऊ लागलो. एक दिवस माझ्याच हद्दीत कुणीतरी गाताना ऐकू आलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. झुडपाआड जाऊन बघतो तर आमच्यातलाच एक नर. मी बाण सुटावा तसा त्याच्यावर गेलो आणि हवेतच कशात तरी अडकलो. केसासारखं बारीक जाळं होतं ते. तो गाणारा माझा वैरी नव्हता, पिंजऱ्यातला कैदी होता, हे मला उलटं लटकल्यावर दिसलं. मग एक हात आला. मऊ होता. पाखरं धरणाऱ्यांचे हात मऊच असतात, पंख मोडला तर माल वाया जातो.

डोंगराखाली मी सायकलवरून आलो, कापड टाकलेल्या टोपलीतून. टोपलीत आम्ही पुष्कळ होतो. बाजारात पोचेपर्यंत पुष्कळ राहिलो नाही.

पाखरंवाल्याकडून मला नेलं ते या सलूनवाल्याने. कारण ऐकाल तर हसाल. समोरच्या बाजूला नवीन सलून झालं होतं आणि त्याने भिंतभर टीव्ही लावला होता. आमच्याकडची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडू लागली.

"त्याच्याकडे टीव्ही, आपल्याकडे पाखरू," पिंजरा टांगत हा बायकोला म्हणाला. "टीव्हीला वीज लागते. याला काय लागतं?"

"अळ्या लागतात," बायको म्हणाली. पाखरंवाल्याने दिलेला डबा तिने उघडून पाहिला होता. "अहो, माझ्या पिठाच्या डब्याशेजारी हा अळ्यांचा डबा? कुणी ऐकलं तर आपल्याकडे पाणी प्यायला यायचं नाही."

घर म्हणजे पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे एक खोली. खोलीत शिवणयंत्र. बायको त्यावर शाळेचे गणवेश शिवायची. दुकानाबाहेर छपराखाली सलूनवाल्याच्या थोरल्या बहिणीचं इस्त्रीचं टेबल. तिला हा ताई म्हणतो, बायको वन्सं म्हणते, आणि रस्त्याने जाणारं कुणीही तिच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. ताईचा आवाज असा की इस्त्रीचे कपडे न्यायला तिला कुणाच्या दारात जावं लागत नाही, जागेवरून हाक मारली की पुरतं.

मला आरशावर टांगलं आणि समोरच्या भिंतीवरही आरसाच. त्यात पाहतो तर नारिंगी छातीचा एक नर माझ्याकडेच रोखून बघतोय. मी गायलो. त्यानेही गळा फुगवला. मी अंग फुलवलं, त्याने फुलवलं. दिवसभर मी त्याला हाकलत राहिलो आणि तो जाईना. खालची गिऱ्हाइकं फेसाळलेल्या तोंडांनी वर बघत.

"काय खुशीत आहे हो पाखरू!" बसवरचा एक कंडक्टर नेहमी येत असे, तो म्हणाला.

माझ्या धमक्या होत्या त्या. पण कुणाला सांगणार?

मग घरात बाळ आलं, मुलगी. गोरी, गोल, टपोऱ्या डोळ्यांची. पडद्यापाशी तिचा पाळणा बांधला. शेजारी शिवणयंत्र धडधडायचं, पडद्याच्या अलीकडे रेडिओ, बाहेर ताई. आणि ही मधोमध शांत झोपलेली.

"शेजारपाजारची पोरं बघा, टाचणी पडली तरी भोकाड पसरतात," ताई कौतुकाने म्हणायची. "आणि ही बघा. बाहुली नुसती. ठकी आहे माझी ठकी!"

तेच नाव पडलं.

सकाळी मी दुकानात असायचो. दुपारी सलूनवाला जेवायला आत आला की माझा पिंजराही आत यायचा, खिडकीपाशी, पाळण्यासमोर. खिडकीतून दिसणाऱ्या चिमण्यांना मी आपली हद्द सांगायचो, म्हणजे गायचो. गाताना मला एका जागी बसवत नाही. या दांडीवरून त्या दांडीवर उडी, शेपटी वर, पंख खाली. ठकी मला बघायची आणि खुदकन हसायची. पाय झाडायची.

"अगं बघ, बघ!" तोंडातला घास तसाच ठेवून सलूनवाला बायकोला म्हणायचा. "गाणं ऐकून हसतेय. कान तयार आहे पोरीचा."

दुकानातही तेच. आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, "आमची ठकी गाणारीण होणार. एवढीशी आहे, पण पाखरू गायला लागलं की रडं थांबवते."

मलाही ते खरं वाटत होतं. वाटू नये कशाला? आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या गाण्याला कुणी घाबरत नव्हतं, पळून जात नव्हतं.

एका दुपारी खिडकीच्या गजांतून मांजर आत आलं. पाळण्याच्या वरच्या फळीवर उतरलं आणि माझ्याकडे बघत दबा धरून बसलं. माझ्या घशातून ती हाक निघाली. आईची हाक, चिर्रर्र. आपण कुठे आहोत, कोण आहोत, काही सुचलं नाही. मी ओरडतच राहिलो. ठकीच्या आईच्या बोटात सुई गेली. ताई धावत आत आली, तिच्या हातून तांब्या सुटला, घरंगळत भिंतीवर आदळला. मांजर पळालं. सगळं घर उभं राहिलं होतं.

ठकी पंख्याकडे बघत मूठ चोखत होती.

दबली नव्हती. दचकली नव्हती. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नव्हती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कड्यावरची वाटी दिसली. उंच केलेली मान दिसली.

"बघा, किती धीराची आहे!" ताई तिला उचलून म्हणाली.

धीर नाही हो तो. मी दांडीवरून खाली आलो, पिंजऱ्याच्या तारांना धडका मारल्या, पुन्हा तीच हाक दिली. सलूनवाला उठून आला. "घाबरलंय बिचारं," म्हणाला आणि माझ्या वाटीत दोन अळ्या जास्त टाकल्या.

त्या घरात ही गोष्ट फक्त मला माहीत होती आणि माझ्याकडे शब्द नव्हता. होतं ते गाणं. आणि गाण्याने तर त्यांची उलट फसवणूक होत होती. मी गायचो, गाताना नाचायचो, ती नाचण्याला हसायची आणि घर म्हणायचं, ऐकतेय. वाटलं, गाताना हलायचंच नाही. पाय घट्ट रोवून बसलो. पण पहिला सूर निघाला की शेपटी आपोआप वर जायची. अंगाला सांगून ते ऐकत नाही. रोज दुपारी मी त्यांना पुन्हा फसवायचो.

पुढे माझी पिसं झडायला लागली. दरवर्षी झडतात. जुनी जातात, नवी येतात, आणि मधल्या दिवसांत आम्हांला गाता येत नाही. अंगभर ठणका असतो, पाखराचा नुसता बोळा होतो. डोंगरावर आम्ही अशा वेळी झुडपात लपून बसतो. इथे लपायला जागा नव्हती. मी आरशावर बसून राहिलो आणि आरशातलाही एकदाचा गप्प झाला.

"काय हो, तुमच्या टीव्हीचं चॅनल बंद पडलं वाटतं?" कंडक्टर म्हणाला. दुकान हसलं. सलूनवाला हसला नाही.

अशाच एका दुपारी तो जेवून दुकानात गेला होता. मी खिडकीपाशी या दांडीवरून त्या दांडीवर जात होतो. पिसं टोचत होती म्हणून, बाकी काही नाही. पाळण्यात ठकी खुदकन हसली. पाय झाडले.

शिवणयंत्र थांबलं.

ताई पाणी प्यायला आत आली होती. ठकीच्या आईने तिला विचारलं, "वन्सं, पाखरू गातंय का हो?"

"कुठलं गातंय! मुकं झालंय मेलं."

"मग ही कशाला हसतेय?"

"अगं, ते नाचतंय त्याला हसतेय."

"आणि इतके दिवस?" आई म्हणाली. "इतके दिवस कशाला हसत होती?"

ती उठली. पाळण्याच्या मागे, ठकीला दिसणार नाही अशी उभी राहिली आणि टाळी वाजवली. मग जोरात वाजवली. मग 'ठके' म्हणून हाक मारली. मग स्वयंपाकाच्या ओट्यावरून एक झाकण आणलं आणि ते हातातून सोडून दिलं. मी दांडीवरून पडता पडता राहिलो. ठकी माझ्याकडे बघत हसत होती. मग आईने मागून तिच्या गालाला नुसतं बोट लावलं. लगेच वळली आणि आईला बघून आणखी हसली.

"होतं उशिरा एखाद्याचं," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. "हाच बघ ना, तुझा नवरा. किती मोठा होईपर्यंत बोलला नव्हता."

"बोलले नव्हते. ऐकत तर होते ना?"

ताईने पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला. ती गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

सलूनवाल्याने मात्र मानलं नाही. "पाखरू मुकं झालंय ना, म्हणून," तो म्हणाला. "पोर तरी कशाला मान वळवेल? ते गायला लागू दे, मग बघ." आणि तो माझ्या मागे लागला. अळ्या दुप्पट केल्या. पाण्यात कसलंसं औषध घातलं. फोनवर आमच्या जातीचं गाणं शोधून काढलं आणि तो फोन पिंजऱ्याला टेकवून ठेवला. कुणीतरी माझ्या डोक्याशीच 'माझी हद्द, माझी हद्द' म्हणून गर्जत होतं आणि माझी छाती उघडी पडलेली. मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो.

एका दुपारी बायको आणि ताई दोघी बाहेर होत्या. त्याने पिंजरा हातात घेतला, पाळण्यात ठकीच्या कानाशी धरला आणि तारांना तोंड लावून हळूच म्हणाला, "गा रे. एकदाच गा. हात जोडतो तुला."

चोवीस तास गिऱ्हाइकांशी थट्टा करणारा माणूस हा. मी चोच उघडली, देवाशपथ उघडली. घशातून नुसता वारा आला. आणि समजा गायलो असतो, तर? ती वळलीच नसती. मी गाऊ शकत नव्हतो याचं मला दुःख करावं की बरं वाटून घ्यावं, हेच कळेना. तो तसाच उभा राहिला. ठकीने पिंजऱ्याची तार धरली आणि त्याच्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर गेलंच नाही. ती तिघं इस्पितळात गेली. तिघं परत आली.  ताईने सगळ्यांसाठी चहा ठेवला आणि तो सगळ्यांनी निवू दिला. नंतरच्या बोलण्यातून मला तुकड्यातुकड्याने समजलं. दोन्ही कान गेलेले, जन्मापासून. यंत्र लावून फारसा उपयोग नाही. शिकेल, हुशार आहे, पण डोळ्यांनी आणि हातांनी शिकेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी नवी पिसं आली. सकाळी ऊन आरशावर पडलं, समोर नारिंगी छाती दिसली आणि माझ्या गळ्यातून गाणं असं उसळलं की मलाच आवरेना.

सलूनवाला झाडू मारत होता. त्याने झाडू टाकला, खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि पिंजऱ्यावर फेकला. "गप," म्हणाला. "आता कशाला?"

आधी गा म्हणून हात जोडले, आता गायलो म्हणून अंधार केला. मला राग आला नाही. राग यायला दुसऱ्याची चूक दिसावी लागते. ताईनेच दुपारी टॉवेल काढला. "त्याचं काय चुकलं रे?" एवढंच म्हणाली. तिच्या भावाने पुन्हा टॉवेल टाकला नाही.

मग एक बाई घरी यायला लागल्या. बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या. त्या बोलताना हात असे चालवत की मला माझ्या रानातल्या पानांची आठवण यायची. पाणी असं. आई अशी. झोप अशी. ठकीच्या आईने ते सगळं झपाट्याने उचललं. शिवणाऱ्याचे हात, त्यांना खूण सांगावी लागत नाही. तोंडात टाचण्या धरून ती ठकीशी गप्पा मारायची. ताईसुद्धा शिकली. तिचे हात तिच्या आवाजासारखेच निघाले. रस्त्याच्या पलीकडूनही दिसावेत असे.

शिकला नाही तो सलूनवाला. ठकी दुकानात रांगत आली की तो ओरडून बोलायचा. "ठके! ए ठके! बाबा! बाबा म्हण!" गिऱ्हाइकं चुळबुळायची. बायको म्हणायची, "अहो, ओरडून काय होणार? हात करा." तर म्हणायचा, "गिऱ्हाइकांसमोर कसले हातवारे करू? हसतील लोक." वस्तरा धरताना ज्याचा हात कधी कापला नाही, त्याचा हात पोरीसमोर वर उठत नव्हता.

ठकीची आई रोज दुपारी तिला माझ्यासमोर घेऊन यायची, मला दाखवायची आणि अंगठा व तर्जनी ओठांपाशी धरून चोचीसारखी उघडमीट करायची. पाखरू. ठकी बघायची आणि तोंडात बोट घालायची. महिने गेले. आईचा हात थकला नाही. तिचे डोळे थकलेले मात्र मला दिसायचे, कारण ते मी अगदी जवळून बघायचो.

त्या दिवशी कंडक्टर खुर्चीत होता. अर्ध्या गालाची दाढी झालेली, अर्ध्यावर फेस. ठकी पडद्याखालून रांगत आली, खुर्चीचा पाय धरून उभी राहिली आणि वर बघितलं, माझ्याकडे. उजवा हात तोंडापाशी नेला. इवलीशी दोन बोटं उघडली, मिटली. उघडली, मिटली.

मी दांडीवर गोठलो. पुन्हा केलं तिने. मग मान वळवून बापाकडे बघितलं, मला दाखवलं आणि तिसऱ्यांदा केलं. तुला कळत कसं नाही, असं तोंड करून.

सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला.

"काय झालं?" कंडक्टरने डोळे मिटूनच विचारलं.

"माझी पोरगी बोलली."

कंडक्टर फेसासकट उठून बसला. "काय बोलली? मला नाही ऐकू आलं."

सलूनवाला खाली गुडघ्यांवर बसला होता. त्याने हातावरचा साबण पोटाला पुसला, हात तोंडापाशी नेला आणि दोन बोटांची चोच केली. पाखरू. चोच वाकडी झाली होती. ठकीने त्याच्या बोटांकडे बघितलं आणि असं काही हसली की आतलं शिवणयंत्र थांबलं आणि पडदा बाजूला झाला. आईला काही विचारावं लागलं नाही.

इथे गोष्ट संपवता आली असती तर किती बरं झालं असतं!

पण ठकी मोठी झाली. बाई म्हणाल्या, "घरच्यापुरतं घरात झालं. आता हिला तिच्यासारखी मुलं हवीत." अशा मुलांची शाळा दूरच्या शहरात. तिथल्या वसतिगृहात शिवणकामाला बाई हवी होती, म्हणून आईला बरोबर जाता आलं. सलूनवाल्याला दुकान सोडून जाता येईना. गाडी सुटायच्या दिवशी तो सामान ठेवून परत आला, कात्र्या पुसत बसला. कात्र्या स्वच्छच होत्या.

काही दिवसांनी तो मला घेऊन गच्चीवर गेला. पिंजरा कठड्यावर ठेवला, दार उघडलं. "जा," म्हणाला. "एकाने तरी आपल्या घरी असावं."

मी बाहेर आलो. उडालो. समोरच्या तारेपर्यंत जाईतो छाती भरून आली. एवढं लांब मी किती वर्षांत उडालो नव्हतो! खाली छपरं, पलीकडे छपरं, त्यापलीकडे धूर. डोंगर कुठल्या बाजूला आहे हेही कळेना. मी आलो होतो ते कापडाखालून. तेवढ्यात कावळ्यांनी मला पाहिलं. मी जीव घेऊन पाण्याच्या टाकीखाली शिरलो आणि तिथून बाहेर पडायचं धाडस होईना. शेवटी ताईने इस्त्रीचं फडकं टाकून मला धरलं. पिंजऱ्याचं दार उघडलं म्हणून डोंगर जवळ येत नाही, हे तिला ठाऊक असावं. "उगाच का रे त्याचा जीव घेतोस?" ती भावाला म्हणाली.  त्याने दार लावलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघायचं टाळलं.

आता मी म्हातारा झालो. दुकानातली पावडर आणि केसांवर मारायचे फवारे, यांनी घसा बसला. गळा फुगतो, पण आवाज येत नाही. आरशातल्या त्या नराशी माझं भांडण मिटलंय. समोरच्याचा टीव्ही अजून चालू आहे, आणि आमच्या दुकानात गाणारं काही नाही. तरी गिऱ्हाइकं येतात. काही जण वर बघून विचारतात, "असं पाखरू कुठे मिळतं हो?"

"मिळत नाही," सलूनवाला म्हणतो.

खोटं बोलतो तो. मिळतं. सायकल अजूनही या रस्त्याने जाते, टोपलीवर कापड टाकून. म्हणून तुम्हांला विनंती आहे, विचारू नका. विचारलं नाही तर कदाचित टोपली लागणार नाही. माझ्या हातात तर एवढंही नाही. जे काही आहे ते तुमच्याच हातात.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो आपल्याच खुर्चीत बसतो, फोनवर खुणा बघतो आणि आरशात बघून त्या करतो. 'रविवारी मी येतो' ही खूण तो चुकीची करतो. आरशामुळे त्याचा डावा-उजवा उलटा होतो. रविवारची आणि येण्याची खूण ठकीच्या आईने इथे असताना माझ्यासमोर कितीदा केली आहे. कुठलं बोट कुठे असतं ते मला बरोबर ठाऊक आहे. मी वरून बघत बसतो. तो पुन्हा करतो, पुन्हा चुकतो, आणि मान डोलवतो, जमलं म्हणून.

काल संध्याकाळी तिचा फोन आला, तोंड दिसतं तसला. त्याने तो पावडरच्या डब्याला टेकवून ठेवला. ठकी केवढी झालीये! दोन वेण्या, एक दात पडलेला. त्याने मोठ्या ऐटीत 'रविवारी मी येतो' केलं. ती हसून हसून लोळली, आणि मग आपल्या छोट्या हातांनी सावकाश, पुन्हा पुन्हा, ते त्याला बरोबर करून दाखवलं. त्याने केलं. तिने अंगठा वर केला.

मग तिने काहीतरी विचारलं. सलूनवाल्याने फोन उचलला आणि माझ्यासमोर धरला.

काचेत तिचं तोंड माझ्याएवढं दिसत होतं. ती वाट बघत होती. मी पाय रोवले, पिसं फुलवली, चोच उघडली आणि होता नव्हता तेवढा जीव गळ्यात आणला. गळा फुगला, थरथरला. आवाज आला नाही. फोन धरलेल्या हाताला ते कळलं. तो हात हळूच खाली जाऊ लागला.

पण तिकडे ठकीने आपला तळहात आपल्याच गळ्यावर ठेवला होता. तिने गळा फुगवला, मान वर केली, डोळे मिटले, आणि आईला हातांनी बोलावत धावली: ये, लवकर ये, पाखरू गातंय.